सुलेखाचे गार पाय आणि माझी व्हॅन

गाडीत बसल्यावर पायांना ऊब मिळालीच पाहिजे हा आग्रह अलीकडचा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. पूर्वी लोक बैलगाडीतून लग्नाला जात आणि हीटरची चौकशी कोणी करत नसे. हे मी सुलेखाला पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं. "पूर्वीचे लोक नेपरव्हिलला राहत नव्हते," ती म्हणाली आणि विषय संपला. सुलेखा माझी बायको, आणि नेपरव्हिल आमचं सातासमुद्रापलीकडचं, चार महिने बर्फातलं गाव. तिच्याशी वाद घालताना विषय असाच संपतो. म्हणजे मी बोलत राहतो, पण विषय संपलेला असतो.

गाडी म्हणजे एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची कँपर व्हॅन. खाली नारिंगी, वर पांढरी. आत छोटा ओटा, त्याहून छोटं सिंक, आणि मागची सीट उलगडली की पलंग. दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये मी ती का घेतली, हे कृपया विचारू नये. त्रेचाळिसाव्या वर्षी काही माणसं ट्रेडमिल घेतात आणि त्यावर टॉवेल वाळत घालतात. मी निदान चालणारी वस्तू घेतली.

या गाडीचं इंजिन मागे असतं आणि ते हवेवर थंड होतं, त्याला पाणी लागत नाही. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगत असे. त्याचा पुढचा अर्थ मला उशिरा कळला. इतर गाड्यांत इंजिनाचं गरम पाणी पुढे येतं आणि त्याच्यावरून येणारी हवा आपले पाय शेकते. इथे पाणीच नाही. इथे धुराच्या नळ्यांभोवती पत्र्याचे डबे बसवलेले असतात. इंजिनाचा पंखा त्या डब्यांतून हवा ढकलतो आणि ती हवा गाडीच्या पोटाखालच्या एका लांबलचक पाइपातून पुढे ड्रायव्हरच्या पायांशी येते. येते म्हणजे यायला निघते. वाटेत फटी आहेत, गंज आहे, बाहेरची थंडी आहे. पुढे पोचेपर्यंत तिच्यात कधीकाळी ऊब होती अशी नुसती अफवा उरते.

हेही मी चालवून घेतलं असतं. मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे गैरसोय मिरवायची मला लहानपणापासून सवय आहे. पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असोसिएशनचं पत्र आलं.

आमची वसाहत फार देखणी आहे आणि ती तशीच राहावी म्हणून घरमालकांची एक कमिटी आहे. कुंपणाचा रंग, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायची वेळ, गवताची उंची, सगळ्याला नियम. पत्रात लिहिलं होतं की कँपर व्हॅन हे सहलीचं वाहन असून ते घरासमोर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त उभं करता येत नाही. गॅरेजात ठेवावं म्हटलं, तर गाडी गॅरेजच्या दारापेक्षा दीड इंच उंच. मी चारही चाकांतली हवा कमी करून पाहिली. पाऊण इंच मिळालं. मग समोरच राहणाऱ्या, कमिटीच्या सेक्रेटरी मिसेस हॅन्सन यांच्याकडे गेलो. बाई अत्यंत सौम्य. त्यांनी चष्मा लावून नियमावलीतली पळवाट स्वतःच शोधून दिली. वाहन जर घरच्यांच्या रोजच्या वापरातलं असेल, तर ते घरासमोर राहू शकतं. त्यासाठी एक फॉर्म. त्यावर घरातल्या प्रत्येक लायसनधारक माणसाची सही हवी, की आम्ही या वाहनातून बाराही महिने पुरेशा आरामात प्रवास करतो. मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत, पुढे कमिटीची बैठक.

आमच्या घरात लायसनधारक दोनच. माझी सही चार सेकंदांत झाली.

"मी खोट्यावर सही करणार नाही," सुलेखा म्हणाली. "नोव्हेंबरनंतर मी या गाडीत पाय ठेवणार नाही, मग बाराही महिने कसं लिहू?"

"आणि हीटर सुधारला तर?"

"मग बघू. जानेवारीत मराठी मंडळाचा संक्रांतीचा प्रोग्रॅम आहे ना, चाळीस मिनिटांवर? तिथे मला या गाडीतून ने. माझे पाय शेवटपर्यंत गरम राहिले तर दुसऱ्या दिवशी सही करते. नाहीतर गाडी विकायची. डील?"

मी डील म्हणालो. पण सुलेखाच्या पायांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर हे आव्हान वाचकाला किरकोळ वाटेल. ऑक्टोबर ते मे ते पाय गार असतात. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड ती घरातही घालते. आम्ही इथे आल्याला सात हिवाळे झाले, आणि या सात हिवाळ्यांत कुठल्याही गाडीत तिने अंगावरचा कोट काढलेला मी पाहिलेला नाही. तिच्या कोरोलाचा हीटर उत्तम आहे, तरी तक्रार असतेच. आणि मी ही परीक्षा बत्तीस वर्षांच्या म्हाताऱ्या गाडीतून द्यायला निघालो होतो.

डावीकडचा शेजारी वॉल्टर. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला, दिवसभर गॅरेजात. तो मला डिग म्हणतो, कारण दिगंबर म्हणायला त्याला वेळ नसतो. वॉल्टर गाडीखाली शिरला आणि पाच मिनिटांत निदान घेऊन बाहेर आला. गरम हवेच्या वाटेवर मागे दोन झडपा आहेत. स्टिअरिंगजवळच्या लीव्हरपासून दोन केबली बारीक नळ्यांतून पार मागे जातात आणि त्या झडपा उघडतात. केबली आत जाम झाल्यात, म्हणून झडपा अर्धवट उघडतात. "ग्राफाइट ग्रीस लागेल. माझ्याकडे डबा आहे," असं म्हणून तो गॅरेजात गेला. वॉल्टरकडे सगळं असतं, फक्त सापडायला तासभर लागतो.

तो तास मला पुरला. आमच्या घरी लहानपणापासून कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर एकच औषध होतं. दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, भाजलेलं बोट, माझं डोकं, सगळ्याला खोबरेल तेल. मी बाथरूममधून निळी बाटली आणली, नरसाळं लावलं आणि दोन्ही नळ्यांत मिळून अख्खी बाटली रिकामी केली. दुपारचं कडक ऊन होतं. तेल पाण्यासारखं आत गेलं. लीव्हर एका बोटाने हलायला लागला.

वॉल्टर डबा घेऊन आला, त्याने हवा हुंगली आणि विचारलं, "हा कसला वास?"

"फॅमिली फॉर्म्युला," मी म्हणालो.

त्याने लीव्हर हलवून पाहिला. पुन्हा हलवला. मग डबा परत घेऊन गेला. रेल्वेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने आपल्या परंपरेपुढे असा डबा मागे घेणं ही साधी गोष्ट नाही. त्याच संध्याकाळी मी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर 'आपलं पारंपरिक ज्ञान' या विषयावर सविस्तर लिहिलं. अकरा उत्तरं आली. नऊ उत्तरं गणपतीच्या खुर्च्या कोण परत नेणार याबद्दल होती.

दुसऱ्या दिवशी देवदत्त आला. देवदत्त नागपूरचा, डेटाबेसमध्ये काम करतो. दोन वर्षांहून जुनी गाडी त्याने कधी ठेवलेली नाही, त्यामुळे जुन्या गाड्यांविषयी त्याची मतं ठाम आहेत. "यार दिगंबर, बेसिक इश्यू लीकेजचा आहे. ते मागचे होस चेंज कर पहिले. ड्रायरला लावतात ना, तसला फ्लेक्सिबल होस घे." मी कपडे वाळवायच्या ड्रायरचा पांढरा प्लास्टिकचा होस आणून जोडला आणि सगळ्यांना घेऊन चक्कर मारायला निघालो. पंधराव्या मिनिटाला वास आला. आमची मुलगी आश्लेषा चौदा वर्षांची आहे आणि तिला आमच्याबरोबर बाहेर दिसणं आधीच नकोसं असतं. "बाबा, इट स्मेल्स लाइक समवन इज कुकिंग अ बार्बी," ती म्हणाली. होस वितळून इंजिनाला चिकटला होता. देवदत्तला फोन केला. "मी मेटलचा म्हटलं होतं," तो म्हणाला. त्याने मेटलचा म्हटलं नव्हतं.

मेटलचा बसवला. लीव्हर बंद करून ठेवला, कारण पुढची कामं गाडीच्या पोटाखालची होती आणि त्यांत लीव्हरचा काही संबंध नव्हता.

लांब पाइपाला कोट चढवायचा होता. मी काचेची लोकर आणली, पाइपाला गुंडाळली आणि वरून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, तीन रोल. आठवडाभर आश्लेषाच्या डब्यातल्या पोळ्या पेपर टॉवेलमध्ये गेल्या. काचेची लोकर कॉलरमधून आत गेली की काय होतं हे पाकिटावर लिहिलेलं असतं, पण पाकीट कोण वाचतो? मी आठ दिवस ऑफिसात मीटिंगमध्ये खाजवत बसलो. नवव्या दिवशी मॅनेजरने मला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळुवारपणे विचारलं.

मग वॉल्टर म्हणाला की इंजिन हळू फिरत असताना त्याचा पंखाही हळू फिरतो, म्हणून सिग्नलला ऊब जाते. उपाय, मध्ये एक विजेचा पंखा. मोटरबोटीच्या तळातली हवा बाहेर फेकायला वापरतात तो. मी बोटींच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने बोट किती फुटी आहे विचारलं. बोट नाही म्हणालो, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला बोट नसल्याची लाज वाटली. पुढे वॉरंटीचा कॉम्प्युटर. त्यात बोटीचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मागे चार माणसं खोळंबलेली. मी 'सुलेखा' लिहिलं. लांबी विचारली, तर व्हॅनची लिहिली, चौदा फूट आठ इंच.

तीन आठवड्यांनी 'कॅप्टन दिगंबर, नौका सुलेखा' या नावाने बोटींचं एक चकचकीत मासिक आलं आणि पोस्टमनने चुकून ते मिसेस हॅन्सन यांच्या पेटीत टाकलं. बाईंनी ते स्वतः आणून दिलं. बरोबर एक नोटीसही आणली, की वसाहतीत बोट ठेवायला मनाई असून आपली बोट कुठे आहे ते कळवावं. मी लेखी खुलासा दिला. सोबत पंख्याचा फोटो जोडला. आमच्या फाइलमध्ये आता 'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार त्याच्याकडे बोट नाही' अशी नोंद आहे. बोट नसलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण शिक्क्यानिशी बोट नसलेला बहुधा मी एकटाच.

सुलेखाचा बोटीवर राग नव्हता. चौदा फूट आठ इंचांवर होता. 

डिसेंबरमध्ये माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. शोभनाताई त्यांचं नाव, मी त्यांना आईच म्हणतो. आल्या त्याच आठवड्यात पहिला बर्फ पडला. मी हात चोळत बाहेर गेलो, इंजिन चालू केलं, पाइपाला कोट, नवा पंखा, नवे होस, सगळं सज्ज. लीव्हर ओढला. लीव्हर हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. लीव्हरची मूठ माझ्या हातात आली.

वॉल्टरने गाडीखाली डोकं घातलं. "केबली दगड झाल्यात. नळ्यांत काय घातलं होतंस तू?"

"ऑइल."

"ऑइल एवढ्या थंडीत गोठत नाही."

"हो ना," मी म्हणालो. मी फर्स्ट क्लासचा इंजिनिअर आहे, हे इथे नमूद करायला मला आवडत नाही.

वॉल्टरचं म्हणणं गंज. देवदत्तचं म्हणणं, "मॉइश्चर गेलंय यार आत, त्याचा आइस झाला." इंटरनेटवर ओरेगनमधल्या एका सद्गृहस्थाने केबल वाकल्याचं निदान केलं आणि शेवटी देव तुमच्या पाठीशी असो असं लिहिलं. मी तिघांचंही ऐकलं. चार शनिवार गाडीखाली काढले. हातोडीने नळ्या ठोकल्या. दिगंबर नावाच्या माणसाने अंगावर पाच थर चढवून बर्फात उताणं पडावं आणि सासूने खिडकीतून बघावं, यातला अपमान मी गिळला.  एकदा सुलेखाने ठेवलेलं वर्तमानपत्रातलं गाड्या विकायचं पान टेबलावर उघडं दिसलं. गाडी जाणार हे मला कळून चुकलं आणि मला खरोखर वाईट वाटलं. जिच्यात पुढे आम्ही दोघं बसू, मागे लेक झोपलेली असेल आणि वाटेल तिथे थांबून चहा करता येईल, अशी गाडी मला हवी होती. एवढंच होतं ते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आईंनी बाथरूमच्या दारातून हाक मारली. "दिगंबरराव, न्हायचं होतं. तेवढी बाटली जरा गरम पाण्यात उभी करता का? तेल थिजलंय."

मी बाटली घेतली. दर हिवाळ्यात घ्यायचो तशीच. लहानपणापासून घेत आलो तशीच. बेसिनमध्ये गरम पाणी सोडलं आणि बाटलीकडे पाहिलं. आत पांढराशुभ्र दगड. उलटी केली. थेंबसुद्धा हलला नाही. मी तसाच उभा राहिलो.

"काय झालं? बरं वाटत नाही का?" आई म्हणाल्या.

मी घरात सगळ्यांना एकत्र बसवून कबुली दिली. सुलेखाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते, ते रडल्याने नव्हे हे मला कळत होतं. "दिगंबर, अरे रोज सकाळी तूच ती बाटली गरम पाण्यात ठेवतोस!" वॉल्टरला सांगितलं तेव्हा तो व्हॅनच्या बंपरवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग त्याने डोळे पुसून अडचण नीट मांडली. तेल वितळायला ऊब हवी. ऊब यायला झडप उघडायला हवी. झडप उघडायला तेल वितळायला हवं.

"मग शेक द्या की," आतून आईंचा आवाज आला.

जगात कुठेही जा, मराठी घरात शेकायची रबरी पिशवी असते. आमच्याकडे दोन निघाल्या. देवदत्तची एक, आणि त्याची बायको वीणा हिची वेगळी एक, कारण तिची कंबर वेगळी दुखते. रविवारी दुपारी बाहेर उणे अकरा होतं. मी पुठ्ठ्यावर उताणा पडून त्या चार पिशव्या नळ्यांना आईंच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी बांधत होतो. काळी पैठणी नेसलेली, वरून कोट घातलेली सुलेखा किटलीतून उकळतं पाणी आणून देत होती. वॉल्टरने विजेरी धरली होती. समोरच्या खिडकीत मिसेस हॅन्सन यांचा पडदा हलला आणि मग हलायचा थांबला, म्हणजे त्या स्थिर उभ्या राहिल्या असाव्यात. पंचवीस मिनिटांनी सुलेखाने आत बसून लीव्हर ओढला. मागे खट्ट असा आवाज झाला. दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या.

वॉल्टरने विषारी धुराचा अलार्म आणून आरशाला टांगला. "हा ओरडला तर आधी उतरा, मग मला शिव्या घाला," त्याने बजावलं. तो सबंध प्रवासात ओरडला नाही. आकडा शून्यावर होता. इतर सगळं वर गेलं.

पुढे मी आणि परीक्षक म्हणून सुलेखा, मागे आई आणि आश्लेषा, खाली तिळगुळाचा स्टीलचा डबा. दोनशे लाडू, सुलेखाने दोन दिवस बसून वळलेले. दहाव्या मिनिटाला सुलेखाने हातमोजे काढले.  पंधराव्या मिनिटाला तिने कोट काढला. माझं हृदय असं धडधडायला लागलं की आमच्या लग्नाच्या वेळीही तसं धडधडलं नव्हतं.

"बाबा, धिस इज ॲक्चुअली नाइस," मागून आवाज आला. आमच्या लेकीच्या तोंडून हे वाक्य मी पुन्हा ऐकेन की नाही सांगता येत नाही.

विसाव्या मिनिटाला सुलेखा म्हणाली, "छान आहे हं. आता जरा कमी कर."

मी लीव्हर ढकलला. लीव्हर हलला नाही. पिशव्या केव्हाच सोडल्या होत्या, बाहेर उणे अकरा होतं, आणि नळ्यांतलं तेल पुन्हा थिजलं होतं. झडपा पूर्ण उघड्या असताना.

आता त्या गाडीत काय काय होतं ते आठवा. काचेची लोकर. फॉइलचे तीन रोल. मेटलचे होस. मी चार महिने एकेक फट बुजवली होती, आणि सगळं काम उत्कृष्ट झालं होतं. बोटीचा पंखा बंद केला, काही फरक पडला नाही. मागे सांडलेलं खोबरेल तापलं आणि गाडीत घमघमाट सुटला.

"कुणी खोबरं भाजतंय का?" आईंनी विचारलं आणि शाल काढली. मग स्वेटर काढला. मग दुसरा स्वेटर काढला. काचा खाली केल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होता. सिग्नलला शेजारच्या गाडीतलं एक टोप्या घातलेलं कुटुंब आमच्याकडे बघत राहिलं. आई कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेने वारा घेत होत्या, त्यांनी त्या लोकांना नमस्कार केला. माझी अवस्था मात्र बिकट होती. मी हरायच्या तयारीने निघालो होतो, त्यामुळे कुर्त्याच्या आत थर्मलचे दोन थर होते, आणि गाडी चालवता चालवता ते काढणं कोणालाच जमलेलं नाही.

हॉलवर पोचलो तेव्हा मला दोन हॉल दिसत होते. वीणाने मला खुर्चीत बसवून पाणी दिलं. डबा उघडला, तर दोनशे लाडवांचा एकच लाडू झाला होता, डब्याच्या आकाराचा. सुलेखाने क्षणभर बघितलं, सुरी मागवली आणि वड्या पाडल्या. "अगं, इतकी मऊ वडी कशी जमली? रेसिपी दे ना," कोणीतरी म्हणालं. "सावकाश, मंद आचेवर," सुलेखा म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

निघताना मी उठलो आणि परत बसलो. "चावी दे," सुलेखा म्हणाली.

"अगं, गियरची गाडी आहे."

"माहितीये मला."

"अठराव्या वर्षी शिकलीये ती," आई म्हणाल्या. "तिच्या बाबांच्या फियाटवर. कात्रजचा घाट चढवायची." हे मला सोळा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलं नव्हतंत, असं आईंचं म्हणणं.

झडपा उघड्याच होत्या. सुलेखाने कोट मागे टाकला. मोज्यांचा वरचा जोड काढला, मग आतला काढला, आणि अनवाणी पायाने क्लच दाबला. एकही गियर खरखरला नाही. काच खाली होती, तिच्या केसांत बर्फाचे कण येऊन वितळत होते आणि ती चक्क गुणगुणत होती. मागे आई आणि आश्लेषा एकमेकींवर रेलून झोपल्या होत्या. आमचं वळण आलं आणि गेलं.

"वळण गेलं," मी म्हणालो.

"कळतंय मला," ती म्हणाली आणि पुढच्या गियरमध्ये गेली. आम्ही आणखी अर्धा तास फिरलो. सात हिवाळ्यांत मी तिला अशी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं, हे सरळ लिहून टाकतो.

सोमवारी सकाळी मी चहाचा कप हातात घेऊन, काहीच लक्षात नसल्यासारखा, टेबलाशी घुटमळत होतो. सुलेखाने स्वतःच फॉर्म ओढून घेतला आणि सही केली. मग पेन तसंच वर नेलं. 'वाहनाचा मुख्य चालक' या रकान्यात सप्टेंबरपासून माझं नाव होतं. त्यावर तिने एक सरळ रेघ मारली आणि शेजारी आपलं नाव लिहिलं.

"खोट्यावर सही करायची नाही ना आपल्याला," ती म्हणाली.

कमिटीने मंजुरी दिली. मिसेस हॅन्सन यांनी शेऱ्यात लिहिलं की वाहन रोजच्या वापरात असल्याचं त्यांनी खिडकीतून स्वतः पाहिलं आहे. ते खरं आहे. रोज सकाळी सव्वासातला सुलेखा काच खाली करून, अनवाणी, खोबऱ्याचा दरवळ मागे सोडत ऑफिसला जाते. मी स्टेशनवर जायला तिच्या कोरोलात बसतो. बटण दाबतो. दोन मिनिटांत पाय गरम होतात, आणि मग मला करण्यासारखं काहीच उरत नाही.